देवरावनं मोजलेला लोड

देवराव माहा लहान भाऊ. भिलाईच्या प्लांटमधी चौतीस वर्षं क्रेन चालवली त्यानं. क्रेनवाल्याले सारं जग लोडच दिसते. पिठाचं पोतं लोड, घरी आलेले पाहुणे लोड. मी लठ्ठ झाली तं मलेही म्हणे, "बाई, ऑटोवाल्याले लोड सांगून बसत जा."

रिटायर झाल्यावर टाऊनशिपचं क्वार्टर सुटलं अन् तो भिलाईजवळच्या उतईले स्वतःच्या घरात आला. मी तिथंच, मागच्या गल्लीत. क्वार्टरात लाईट क्वचितच जाय. इथं वारा सुटला का गेलीच. तोवर त्याच्या बायकोची, अंजनाची, छाती पार थकली होती. नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनची मशीन. लाईट गेली का मशीन बंद, मशीन बंद का तिचा श्वास अडे. म्हणून जनरेटर घ्याचं ठरलं.

आठ दिवस तो कागद घेऊन घरभर फिरला. एकेका वस्तूच्या मागचा आकडा चष्मा लावून वाचे. मशीन साडेतीनशे वॅट, पंखा पंच्याहत्तर, मंग बल्ब, कूलर, फ्रिज. सुपेल्याच्या बाजारातला जनरेटरवाला दुकानदार म्हणे, "काका, दो केवीए ले लो, सब चलेगा." पण त्या मोठ्याची चालू कराची दोरी ओढताना देवरावचाच खांदा दुखला. "मी बाहेर असलो तं दामिनीले ओढता आली पायजे," म्हणे. दामिनी म्हणजे त्याची नात, काडीसारखी पोरगी, अभ्यासासाठी त्याच्याकडेच राहे. तिच्या हाताच्या मापानं त्यानं एक केव्हीएचं घेतलं. नियम केला, जनरेटरवर मशीन, एक पंखा, एक बल्ब. कूलर लावाचा नाही.

दुकानदाराले फोनवर हासत सांगे, "अरे, असली लोड तो मेरी घरवाली है, बाकी तो पंखा-बत्ती!" अंजनाही हासली. मंग मले हळूच म्हणे, "बाई, खरंच हो. साऱ्यात जास्त मीच खाऊन राहिली."

मी म्हटलं, "खाय न व! चौतीस वर्षं लोखंड उचललं त्यानं, तुले नाही उचलणार?"

आम्ही दोघी हासलो. मले ते हासूच वाटलं.

मे महिन्यात दामिनीची डॉक्टरकीची परीक्षा चार दिवसावर आली होती. भर दुपारी कोरडं वादळ आलं, तारा तुटल्या. देवराव नवीन नळी आणाले भिलाईच्या सिविक सेंटरले गेला होता. पोरीनं दोरी ओढली, आजीची मशीन चालू केली अन् आपल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली. इतका घाम का पानाले बोट चिकटे.

चार वाजता मी कुरडया घेऊन गेली तं जनरेटर धडधड करून राहिलं होतं. दामिनी पुस्तकावर डोकं ठेवून निजली होती. तिच्या अंगावर कूलरचा गार वारा.

जनरेटरचा बोर्ड अंजनाच्या उशाशी, पोरीच्या खोलीतल्या कूलरची वायरही तिथवरच येई. त्यात मशीनच्या जागी कूलरची पिन होती. मशीनची वायर अंजनानं नीट गुंडाळून स्टुलावर ठेवली होती. घडीभर पोरीले हवा लागू दे, असं म्हणत असन. मंग डोळा लागला असन.

मी कूलरची पिन ओढली, मशीनची लावली. मशीन चालू झाली. अंजनाचा हात थंड होता.

देवराव आला तवा मशीन चालूच होती. त्यानं आपलंच आपण धरलं का जनरेटर कमी पडलं, मशीनले जोर पोचला नाही. तेरवी झाली तरी तो कागद घेऊन बसे. बेरीज करे, बरोबर येई, पुन्हा करे. ना धड जेवला, ना डोळ्यातून टिपूस.

मी तोंड उघडलं असतं तं दामिनीले कळलं असतं का आजी कोणाच्या हवेसाठी गेली. अन् देवरावले कळलं असतं का त्याची मस्करी अंजनानं खरी धरली.

परवा तो म्हणे, "बाई, दोनचं घेतलं असतं तं वाचली असती का व ते?"

दामिनी दारातच उभी होती.

"हो रे," मी म्हटलं. "दोनचंच पायजे होतं."

तवा कुठं तो रडला.