समुद्राने परत दिलेला तांब्या

माझे अक्षर किरटे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नातीच्या वहीची मागची पाने कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कुणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात.

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी. आम्ही बोरीला राहत होतो. हे शाळेत शिपाई होते. शाळेतले एक गुरुजी कोकणातल्या समुद्रकाठच्या गावचे. शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे आणि दुष्काळात आमच्याबरोबर घागरभर पाण्यासाठी रांगेत उभे राहायचे. तेव्हाच ते ह्यांना म्हणाले होते, एकदा पाऊस पडू दे, मग दिवाळीच्या सुटीत वहिनींना घेऊन आमच्या घरी या, हवे तेवढे पाणी दाखवतो.

माझा समुद्र म्हणजे पुस्तकातल्या नकाशावरचा निळा रंग. जायचे मनात फार होते, पण तोंडाने म्हणणार कोण? माझी थोरली जाऊ म्हणाली. तिच्या जिभेला सारी गल्ली वचकून असायची. ती ह्यांना म्हणाली, "दोन दिस झाले, ही पीठ मळताना एकटीच हासायलीय. घेऊन जावा की, भावजी."

गाडीभाड्याला पैसे नव्हते. तूप विकून साठवलेले ऐंशी रुपये तिनेच कनवटीचे सोडून दिले. आमची म्हैस आणि लेकरू सांभाळायचेही पत्करले. प्रवासात पाणी प्यायला स्वतःचा पितळी तांब्या दिला. तो तिला बापाने लग्नात दिलेला, काठावर तिचे नाव कोरलेले. बाप दुष्काळाच्या आधीच गेला होता. ती म्हणाली, "पैशे उशिरानं दिलीस तरी चालंल. तांब्या तेवढा माघारी आण."

तीन एसट्या बदलून दुसऱ्या दिवशी पोचलो. गाव असे निवांत की दुपारी नारळ पडला तरी कुत्री दचकायची. माडांच्या मधून वाट खाली गेली आणि एकदम समोर पाणीच पाणी. आमच्याकडे विहीर म्हटली की तिचा मालक आधी आठवतो. माझ्या तोंडून निघाले, "एवढं सगळं कुनाचं हाय?"

गुरुजींची आई हसून म्हणाली, "कुणाचं नाही गो. बघ पोटभर."

तीन दिवस मी पोटभर बघितले. गुडघ्यापर्यंत लुगडे धरून उभी राहायचे, लाट ओसरताना पायाखालची वाळू सरकली की गुदगुल्या व्हायच्या. अडचण एकच होती. दोन्ही वेळा भात, आणि ह्यांना भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटेना. ज्वारीचे पीठ मी घरून आणले होते, पण परक्या चुलीशी जायचा मला संकोच. म्हणून चौथ्या दिवशी गुरुजींच्या आईकडून तवा तेवढा मागून घेतला आणि पाण्याच्या जवळ, ओल्या घट्ट वाळूवर तीन दगड मांडले. आम्ही दुधना नदीच्या काठी जेवायला जातो तेव्हा असेच मांडतो. तांब्या कलंडू नये म्हणून गळ्यापर्यंत वाळूत रोवला. भाकरी-ठेचा खाऊन आम्ही दोघे शिंपले वेचत पार खडकांपर्यंत गेलो. माघारी आलो तर चूल नाही, दगड नाहीत, तांब्या नाही. तिथे कमरेइतके पाणी. तवा शिंपले ठेवायला बरोबर नेला होता म्हणून वाचला.

मला रडूच फुटले. नदीने नेलेले कधी माघारी येत नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पैसे मजुरी करून फेडता आले असते, पण ते नाव कोरलेले पितळ मी कुठून आणणार होते?

मासळी वाळवणारी एक म्हातारी कोळीण जवळ आली. काय झाले ते ह्यांनी सांगितले, आमच्याकडची नदी नेलेले परत देत नाही हेही सांगितले, तेव्हा ती आधी खूप हसली. भरतीच्या वाटेत चूल मांडणारी माणसे तिने पहिल्यांदाच पाहिली असतील. मग म्हणाली, "रडू नको गो बाय. नदी पुढं जाते. ह्या दर्याला जायला जागा कुठं हाय? उद्या सकाळी ये, ओहोटीला."

सकाळी आम्ही तिथे गेलो. पाणी लांब गेले होते. माझे तीन दगड काळे तोंड करून जागच्या जागी, आणि शेजारी वाळूतून पितळेचा काठ चमकत होता. मी हातांनी उकरून तांब्या उपडा केला, तर वाळूबरोबर एक इवलासा खेकडा निघाला आणि तिरका तिरका चालू लागला. मी एवढ्या मोठ्याने हसले की हे बघतच राहिले. लग्नाला नऊ वर्षे झाली होती, पण उघड्यावर माझे हसणे त्यांनी ऐकले नव्हते.

घरी आल्यावर तांब्या घासून लख्ख करून जावेला दिला. तिने आत बोट फिरवून जिभेला लावले. कानाकोपऱ्यातले मीठ राहिलेच होते. "ह्याला काय केलीस गं?" म्हणाली. मी काही लपवले नाही. दिवेलागणीपर्यंत मीच बोलत होते आणि ती ऐकत होती. खेकड्याचे तिने मला तीनदा सांगायला लावले.

त्या हंगामात मी कापूस वेचायला गेले. आठवड्याच्या मजुरीतले चार-पाच रुपये तिच्या हाती द्यायचे. शिमग्याच्या तोंडावर शेवटचे पाच दिले. तिने ते मोजले, त्याच तांब्यात टाकले आणि वर फडके बांधून उतरंडीमागे ठेवले.

"पैशे फिटले," ती म्हणाली. "येत्या दिवाळीला म्हशी तू सांबाळ."