दुरुस्ती

डेलमार रस्टाडला बोट दिसायच्या आधी तिचं दुखणं ऐकू यायचं. धक्क्यावर कॉफी पीत बसलेला असायचा आणि झाडांपलीकडून नुसता आवाज आला की म्हणायचा, "लिंडस्ट्रॉमची बोट. एक प्लग गेलाय. दुपारी येईल बघ." आणि दुपारी लिंडस्ट्रॉम यायचा. चाळीस वर्षं त्यानं केटल तळ्यावरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. आमच्या गावात लोक पाद्र्याशीसुद्धा वाद घालतात, पण इंजिनाच्या बाबतीत डेलमारचा शब्द शेवटचा.

काम थांबवल्यावर त्यानं स्वतःसाठी एक लाल बोट तयार केली. ती ताशी सत्तर मैल पळायची आणि आवाज असा करायची की माझ्या फळीवरच्या कपबशा वाजायच्या. त्याची बायको आयनेझ म्हणायची, "घरात ह्याला टीव्ही मोठ्यानं लागतो, आणि बाहेर हा अख्ख्या गावाला मोठ्यानं लागतो."

त्या उन्हाळ्यात तळ्यावरून गाव दुभंगलं. दिवसा चाळीस मैलांच्या वर जायचं नाही, काठाजवळ अगदी सावकाश, आणि आवाजालाही मर्यादा, असा ठराव आला होता. शुक्रवारी मासे खायला जमणारी माणसं टेबलं बदलून बसायला लागली. सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलेनात.

ठराव आणला होता मिस ऑस्टबींनी. वय एक्क्याऐंशी. अर्ध्या गावाला त्यांनी तिसरीत शिकवलं होतं, मला, डेलमारलाही. रोज सकाळी सहाला पांढरी टोपी घालून त्या एकट्या वल्ही मारत तळं पार करून परत यायच्या. जूनमध्ये एका सकाळी धुकं होतं. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला वळसा घालून एक बोट भरधाव आली, तिच्या लाटेनं मिस ऑस्टबींची होडी उलटली. उलट्या होडीला धरून पाय मारत त्या अर्ध्या तासानं उथळात पोचल्या आणि निथळत चालत घरी गेल्या. धुक्यात बोट दिसली नव्हती. ऐकू मात्र आली होती.

जुलैच्या सभेत त्यांनी हे उभं राहून सांगितलं. हॉल भरला होता. मी गावची कारकून, वहीत लिहून घेत होते. त्या बसल्यावर डेलमार उठला.

"मिस ऑस्टबी, तुमच्याबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "पण त्या दिवशी साडेपाचपासून मी माझ्या धक्क्यावर होतो. तळ्यावर एकही इंजिन चालू झालं नाही. झालं असतं तर मला कळलं नसतं का?"

"मी आवाज ऐकला, डेलमार."

"तो लाकडं नेणारा ट्रक असेल, रस्त्यावरचा. धुक्यात आवाज फसवतो." मग लोकांकडे वळून म्हणाला, "आणि या वयात होडी उलटायला लाट कशाला लागते? शिंक पुरते!"

हॉल हसला. मीही हसले. मान खाली घालून, पण हसले. मिस ऑस्टबी काहीतरी बोलायला पुन्हा उठल्या, सगळ्यांकडे बघितलं आणि तशाच बसल्या. हात वर करून मतं झाली. चोपन्न विरुद्ध एकसष्ट, ठराव पडला. लोकांनी डेलमारची पाठ थोपटली.

ती बोट डेलमारची होती.

आयनेझ तेव्हा बहिणीकडे गेली होती. सकाळी पाणी स्थिर असतं म्हणून हा नवीन बसवलेलं इंजिन तपासायला गेला होता. गाव झोपलेलं म्हणून त्यानं वेग टोकापलीकडे, वस्ती नसलेल्या भागात घेतला. टोकाशी परत वळताना उजवीकडे काहीतरी गेल्यासारखं वाटलं. मागे वळून बघितलं तर पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगत होतं. रिकामा डबा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि घरी आला. दुपारी दुकानात होडी उलटल्याची बातमी कळली, तेव्हा तो काही बोलला नाही. आणि एकदा बोलला नाही म्हटल्यावर पुढे प्रत्येक दिवशी बोलणं आणखी अवघड होत गेलं.

सभेनंतर मिस ऑस्टबींची भाची कॉर्लिस डुलूथहून आली. मावशीनं स्वतःच होडी उलटवली आणि नसलेली बोट ऐकली, हे तिच्या कानावर गेलं होतं. तिनं होडीला कुलूप लावलं, गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या, डॉक्टरांकडे नेलं. वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं टेबलावर आली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मिस ऑस्टबी ब्लूबेरीचा केक घेऊन पायी डेलमारच्या गॅरेजात आल्या.

"डेलमार, मी माफी मागायला आले," त्या म्हणाल्या. "बहुतेक तूच बरोबर असशील. मी चारचौघांत तुम्हा बोटवाल्यांवर आळ घेतला. माझं डोकं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असं सगळे म्हणतात."

डेलमारनं केक घेतला. "असू द्या, मिस ऑस्टबी," एवढंच म्हणाला. पुढे हे मला सांगताना तो या जागी थांबायचा. लाटेचं सांगून टाकायचा, खोट्याचंही सांगायचा. पण "मी केक घेतला" म्हणताना त्याचा चेहरा कानापर्यंत लाल व्हायचा.

रात्रीच्या जेवणाला आयनेझनं विचारलं, "केक कुणी दिला?" तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. 

"सभेत मी तुझ्या शेजारी बसले होते, डेल. मी टाळ्या वाजवल्या." मग तिनं एक तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला. "खा."

त्याला तो गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मिस ऑस्टबींकडे गेला. टोपी हातात, दारातच उभा राहून सांगितलं. त्यांनी बस म्हटलं नाही.

"पांढरं दिसलं होतं तुला?"

"हो."

"मग वळला का नाहीस?"

"घाबरलो. तुम्हाला काही झालं असेल तर, म्हणून."

"म्हणजे मला काही झालं असेल, म्हणून तू आला नाहीस." त्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. टेबलावरची एक शाळेची वही पुढे सरकवली. पानापानावर तारीख, वार, सकाळी काय खाल्लं, कोण भेटलं. "महिनाभर मी रोज स्वतःची परीक्षा घेते आहे, डेलमार. एकदाही चुकले नाही. तरी माझा स्वतःवर विश्वास बसत नव्हता."

तो पुढे झाला आणि त्यानं वही मिटून ठेवली.

"हे इथे सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मला एकटीला कळून काय होणार? जिथे बोललास तिथे जाऊन सांग."

सप्टेंबरच्या सभेत मी नेहमीप्रमाणे मागच्या, म्हणजे जुलैच्या, सभेचं इतिवृत्त वाचून दाखवलं. अध्यक्षांनी विचारलं, "काही दुरुस्ती?" कुणी कधी काही सुचवत नाही. डेलमार उठला.

"कुठे चुकलं माझं?" मी विचारलं.

"तुझं नाही. मी बोललो तेच तू लिहिलंयस. मी बोललो ते खोटं होतं."

आणि त्यानं सांगितलं. धुकं, वळसा, पांढरं काहीतरी, ट्रक, शिंक. मागून लिंडस्ट्रॉम म्हणाला, "बस कर, डेल. झालं ते झालं."

"नाही. ती लिहितेय, पुरतं लिहू दे."

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ज्यांनी पाठ थोपटली होती, ती माणसं आपले हात मांडीवर ठेवून बसली होती. मिस ऑस्टबी पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. सभा संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "तेव्हा मीही हसले होते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी उभी होते ना. तुमची सगळ्यांची तोंडं मला दिसत होती."

ऑक्टोबरमध्ये ठराव पुन्हा आला आणि मंजूर झाला. कॉर्लिसनं किल्ल्या परत दिल्या, कुलूप काढलं. मिस ऑस्टबी वसंतात पुन्हा होडीत बसल्या, पण तळं पार करत नाहीत. काठाकाठानं जातात आणि कसलाही आवाज आला की वल्ही उचलून थांबतात. ते काही कुठल्या सभेत दुरुस्त झालं नाही.

लाल बोट डेलमारनं गॅरेजात पुर्जा न् पुर्जा सुटी केली. बोटवाले त्याला फितूर म्हणतात, बाकीचे जेवढ्यास तेवढं बोलतात. पुढच्या उन्हाळ्यात बोटी उतरवायच्या जागी शनिवार-रविवार उभं राहून नव्या नियमांचे कागद वाटायला माणूस हवा होता. कुणी तयार होईना, तेव्हा मिस ऑस्टबींनी त्याचं नाव सुचवलं. ही शिक्षा होती की दुसरं काही, त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

आता तो तिथे उभा असतो. येणारा प्रत्येक जण त्याला ओळखतो.

"तू सांगणार आम्हाला, डेल? तू?"

तो लाल होतो. "हो," म्हणतो, "मीच," आणि कागद पुढे करतो.