गण्या पाटलाच्या नावानं

नाशिकहून निघताना आप्पाकाकांनी मला बजावलं होतं, "मूळ सापडल्याशिवाय परत येऊ नकोस."

आप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बिनलग्नाचे, आणि लवकरच पंचाहत्तरीचे. त्या समारंभात पाटील घराण्याचा वंशवृक्ष मोठ्या फ्लेक्सवर झळकवायचा त्यांचा हट्ट. फांद्या तयार होत्या, मुळाशी काकांनी सोनेरी अक्षरांत लिहूनही टाकलं होतं, 'श्रीमान गणपतराव पाटील, गोऱ्या साहेबाचा उजवा हात'. इंग्रजांच्या राज्यात या खापरपणजोबांवाचून साहेबाचं पान हलत नसे, हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. गाव मात्र कुणालाच धड ठाऊक नाही. कर्जत नाहीतर खालापूर, एवढंच. आता रायगडात पाटील शोधायचा म्हणजे पोत्यातला नेमका तांदूळ शोधण्यातली गत. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून होळीची सुट्टी बघून त्यांनी मला पिटाळलं.

पहिला मुक्काम मोहोपाडा. तिथल्या कारखान्याच्या कॉलनीतले एक पाटील आपल्यापैकीच, असं काकांना कुणीतरी सांगितलेलं. मी गेल्या गेल्या सगळ्यांच्या पाया पडले. त्यांनीही आपलं माणूस आलं म्हणून थेट पाटावर बसवलं. पुरणपोळीवर तुपाची धार पडली, कटाच्या आमटीचा भुरका मारून झाला आणि मग बोलण्यातून निघालं की हे पाटील कोल्हापूरचे, नोकरीपायी इथे आलेले. घास गिळू की उठू, मला कळेना. यजमानीणबाई म्हणाल्या, पोळीला नातं लागत नाही, जेवा निवांत. मी निवांत जेवले.

पोळ्या लाटायला शेजारच्या एक आजी आल्या होत्या. त्यांचं माहेर नेरळजवळच्या पोशीरकडचं. साहेबाकडचा गणपत पाटील म्हणताच त्यांचं लाटणं थांबलं.

"आमच्या म्हायेराकडं हाय एक गण्या," असं म्हणून त्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या. काय केलंय त्याने, म्हणून मी खोदून विचारलं. "तू जा गं. आज होळीच हाय. आपसूक कळंल."

कर्जतमार्गे नेरळला पोचले आणि पुढे टमटम (सहा आसनी रिक्षा) धरली. भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती, बांधांवर पळस फुललेला, आणि डोंगरावर माथेरान. दृश्य सुंदर होतं, पण माझे पाय अवघडले होते, कारण त्यांच्याखाली कुणाच्या तरी कुंपणाचा उपटलेला खांब होता. मी नजर टाकली तसा रिक्षावाला म्हणाला, होळीसाठी आणलं तर ती चोरी नसते, ताई. गावागावात असंच चालतं म्हणे, आणि ज्याचं लाकूड जातं तोही चार शिव्या देऊन गप्प बसतो.

आजींनी सांगितलेल्या वाडीत देवळासमोर होळी रचून झाली होती. मध्ये उंच सावर (सरळसोट वाढणारं काटेसावरीचं झाड) उभी. मी आमच्या खापरपणजोबांची, गणपतरावांची चौकशी केली. सगळे कोरे. मग चाचरत 'गणा पाटील' म्हटलं, तर अख्खी वाडी हसली. गर्दीतून नारळ घेतलेले एक म्हातारबाबा पुढे आले. हे पांडूतात्या. आणि मग जो तो मला सांगायला लागला.

हकिगत अशी. त्या काळी गावाबाहेर साहेबाचा तंबू पडला होता, आणि आमचे गणपतराव त्याच्या आंघोळीचं पाणी तापवायला होते. ऐन होळीच्या दिवशी सरपण संपलं. साहेब अंगाला साबण लावून कोकलत बसलेला. गणाने आव बघितला ना ताव, गावाने रचलेली होळी उपसली आणि बंबात घातली. होळीसाठी चोरणारे सगळेच, होळीतून चोरणारा हा एकटाच निघाला. त्या वर्षी गावाची होळी चुलीएवढी पेटली.

तेव्हापासून इथे पहिली बोंब गण्याच्या नावाची. ती ऐकायला त्याचा माणूस नारळ घेऊन उभा पाहिजे, नाहीतर बोंब गावावर उलटते. आमची मंडळी लाजून गाव सोडून गेली, तेव्हा शेजारधर्म म्हणून पांडूतात्यांच्या आज्याने ती जागा धरली. आता तात्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे बोंब फुकट जाते. नातू उभा राहायला तयार नाही, कारण त्याचं लग्न जमवताहेत. गण्याच्या जागी उभ्या राहणाऱ्याला मुलगी कोण देणार?

तात्यांनी मला निरखलं. "तू खरंच गण्याची हायस?"

माझ्या डोळ्यांपुढे काकांची सोनेरी अक्षरं आली. नाही म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागणार होता? फ्लेक्स छापून झाला असता, काका खूश झाले असते. पण तात्या नारळ पुढे धरून माझ्या ओठांकडे बघत होते.

"हो," मी मोठ्यानं म्हटलं. "गण्याचीच."

तात्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि हुश्श करून पारावर बसले. मग वेगळाच पेच पडला. माहेरवाशिणीपुढे बोंब मारायची कशी? बराच खल झाला आणि ठरलं, आधी बोंब, मग ओटी. होळी पेटली, सगळ्यांचे हात तोंडाशी गेले आणि जी काय बोंब उठली म्हणता! मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, रडूही आलं. आमच्या माणसाला आम्ही विसरलो होतो, यांनी नाही. मी नारळ होळीत टाकला. बायकांनी माझी ओटी भरली. तात्या म्हणाले, "औंदा मला पन आयकू आली."

नाशिकला आले ती थेट काकांकडे. सगळं सांगितलं. काकांनी फ्लेक्सचा कच्चा कागद पुढे ओढला.

"म्हणजे पाणी तापवायचे?"

"हो."

"आणि अजून नाव घेतात?"

"दर होळीला. सगळं गाव."

काकांनी सोनेरी अक्षरांकडे पाहिलं, पेन घेतलं आणि 'श्रीमान गणपतराव' खोडून 'गण्या' लिहिलं. 'उजवा हात' तेवढा राहू दिला, कारण बंबात लाकडं त्याच हाताने घातली असणार.

"माझ्यामागं माझ्या नावानं बोंब मारायलाही कुणी नाही गं," ते म्हणाले.

"मी आहे की."

"मार बघू."

मी तोंडावर हात नेला आणि आप्पाकाकांच्या नावानं बोंब ठोकली. शेजारच्या फ्लॅटचं दार धाडकन उघडलं. काकांनी मान हलवली.

"जोर कमी पडतोय. पुढच्या होळीला मी येतो, गावाकडून नीट शिकून घे."