पत्रा कापायला साहेब कशाला?

आज सकाळी डोकं फिरलं, म्हणून लिहिते आहे.

रविवारी मी आणि माझी मैत्रीण माळावर तंबू ठोकून राहणार आहोत. दोघी साठीच्या पुढच्या. तिच्या मुलाने अट घातली, “वाऱ्यात शेगडी पेटवून चहा करून दाखवा, मगच जा.”

माझ्या छोट्या स्पिरिटच्या शेगडीला हलका आडोसा आणि वर भांडं ठेवायला तिवई हवी होती. पत्रेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “मावशी, साहेबांना पाठवा की. तुमाला माप न्हाय सांगता येणार.”

“साहेबांना चहाचं आधण ठेवता येत नाही,” म्हटलं, आणि घरी आले.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिवणाच्या तासाला आधी कागद कापायला लावायच्या, मग कापड. मी तेच केलं. कागदाच्या मापाने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, कडा दुमडल्या. सायकलच्या चाकाच्या जुन्या तारा वाकवून तिवई केली.

चूकही केली. आडोसा चारी बाजूंनी बंद केला आणि ज्योत गुदमरून विझली. मग खिळ्याने खाली भोकं पाडली आणि एक बाजू मोकळी ठेवली.

संध्याकाळी गच्चीवर, भर वाऱ्यात, चहा उकळला. मैत्रिणीचा मुलगा परीक्षक म्हणून हजर होता. कप रिकामा करून म्हणाला, “पण काकू, तुम्ही दोघीच...”

“अट चहाची होती,” मी म्हटलं. “पिऊन झाला असेल तर कप विसळून ठेव.”

रविवारी आम्ही जाणार.

तुम्हाला कोणतं काम जमणार नाही, हे लोकांनी परस्पर ठरवलंय? आणि तुम्ही ते मुकाट्याने मान्य का केलंत?