एका चॅनेलवरचे दोन ‘अहो’

सबनीसांकडे जेवायला गेलं की आपलं ताट कुठे मांडलं जाईल ते आधी सांगता येत नाही. त्यांच्या डायनिंग टेबलवर काचेखाली अमेरिकेचा मोठा नकाशा आहे, म्हणजे तिकडच्या वाळवंटाच्या भागाचा. मी बहुतेक वेळा झायन नॅशनल पार्कवर जेवते. माझा नवरा नंदू हट्टाने ग्रँड कॅन्यनवर बसतो आणि आमटी सांडतो. मग सुचेता ओल्या फडक्याने कोलोरॅडो नदी पुसून काढते.

नकाशा तिच्या नवऱ्याचा, ज्ञानेश्वर सबनीसांचा. रिटायर होईपर्यंत ते इकडे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्यात गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज करत होते, आणि असा माणूस मोटरसायकलवरची ट्रिप आखायला बसला की ती लवकर आखून होत नाही. लास व्हेगासला गाड्या भाड्याने घ्यायच्या, तिथून झायन, ब्राइस, आर्चेस, मग मॉन्युमेंट व्हॅली आणि शेवटी ग्रँड कॅन्यन, असा बेत. कुठल्या दरीत दुपारी सावली कुठल्या बाजूला पडते हे त्यांना कॉव्हेंट्रीत बसून ठाऊक आहे. कुठल्या पेट्रोल पंपानंतर पुढचा पंप लवकर येत नाही, तेही ठाऊक आहे. स्वतःच्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते, हे मात्र ते अजून सुचेताला विचारतात.

याची सुरुवात कशी झाली ते मला सुचेताने सांगितलं. टायरवाल्याने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर लाल दगडाच्या कमानीचा फोटो होता. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “असं खरंच असतं का हो कुठे?” सबनीस म्हणाले, “बघू.” मराठी नवऱ्याच्या ‘बघू’चा अर्थ आपल्याला माहीत आहे. सुचेता तो विषय विसरूनही गेली. सबनीस मात्र खरंच बघायला लागले, आणि वर्षानुवर्षं बघतच राहिले.

शेवटी तीन गाड्या आणि सहा माणसं असं ठरलं. सबनीस आणि सुचेता, नंदू आणि मी, आणि वॉटफर्डचे जयंत आणि अलका प्रधान. पुरुष चालवणार, बायका मागे बसणार. यावर माझी मुलगी जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. पण मागे बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे, असं सबनीसांनी आम्हाला समजावलं. वाळवंटात रस्ता मैलोनमैल सरळ जातो, चालवणाऱ्याचे डोळे गुंगतात. हरीण, दगड, वाळूचा ढीग हे मागच्या माणसाने बघायचं आणि वेळेत ओरडायचं. त्यासाठी हेल्मेटमध्ये बसवायचे फोन आणले. सहाही जण एका चॅनेलवर, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू येणार.

सरावासाठी आम्ही ऑक्टोबरमध्ये कॉट्सवोल्ड्सला निघालो. सबनीस पुढे, मध्ये जयंत, शेवटी आम्ही. हवा छान होती. एका राउंडअबाउटपाशी सुचेताचा मफलर सुटला आणि उडाला. ती म्हणाली, “अहो, थांबा!”

सबनीसांनी ब्रेक मारला. जयंतनेही मारला, कारण त्याची बायकोही त्याला अहोच म्हणते आणि हेल्मेटमध्ये सगळ्या बायकांचे आवाज सारखेच येतात. नंदूला कोणी अहो म्हणत नाही. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, तो माझी जर्नल्स उतरवून काढायचा, अशा माणसाला अहो म्हणवत नाही. पण पुढचे दोघे थांबले म्हटल्यावर तोही थांबला, आणि रस्त्यावर जागा उरली नव्हती म्हणून कुंपणात थांबला. कुंपणात काटे होते. काट्यांखाली नेटल्स होती, म्हणजे अंगाला लागली की आग आग करणारी झुडपं. मागून येणाऱ्या व्हॅनवाल्याने आमच्याबद्दल त्याचं मत सांगितलं. मफलर त्याच्याच चाकाखाली गेला.

मी टी-रूममध्ये दोन्ही हातांना बर्फ लावून बसले असताना जयंतने सभा घेतली. तो फायनान्समधला माणूस आहे, त्याला सभा घ्यायला आवडतात.

“धिस इज अ सेफ्टी इश्यू,” तो म्हणाला. “एका चॅनेलवर दोन अहो चालणार नाहीत. कॅन्यनच्या कडेला असं झालं तर?”

“प्रत्येक जोडीचं चॅनेल वेगळं करू,” सबनीस म्हणाले.

“मग आम्ही तिघी एकमेकींशी बोलणार कशा?” अलकाने विचारलं. तो उपाय तिथेच संपला.

तेव्हा ठरलं की बायकांनी नावाने हाक मारायची. अलका दुपारभरात शिकली आणि तेव्हापासून थांबलेली नाही. परवा फोनवर ती एका दमात इतक्या वेळा जयंत म्हणाली की तो दुसऱ्या खोलीतून “काय गं?” करत आला. पण सुचेता नाही म्हणाली. आम्ही तिला दुसरी नावं काढून दिली. कारखान्यात सबनीसांना डॅन म्हणायचे, म्हणून डॅन. ते म्हणताना तिला इतकं हसू आलं की टेबल धरून बसावं लागलं. नंदू त्यांना माउली म्हणतो. ती म्हणाली, नवऱ्याला माउली काय म्हणायचं, शोभतं का? जयंत त्यांना नुसतं सबनीस म्हणतो. “सबनीस मीपण आहे,” ती म्हणाली. मुलीच्या नावाने वैभवीचे बाबा म्हणावं तर ते लांब पडतं, तोवर गाडी खड्ड्यात.

“मग तुम्ही सगळे जा,” ती शेवटी म्हणाली. “मी नाही येत. मला काही एवढं नाहीये त्या दगडांचं.”

“सुचेता नसेल तर मीही नाही,” सबनीस म्हणाले. टायरमध्ये हवा किती भरायची हे सांगावं त्याच आवाजात.

पुढच्या वेळी आम्ही जेवायला गेलो तेव्हा काचेखाली नुसतं लाकूड होतं. सुचेताने चांगलं भरलं वांगं केलं होतं. नंदूने आमटी सांडली नाही, आणि त्याचं कोणाला कौतुक वाटलं नाही. सबनीस बागेतल्या शेडच्या छपराबद्दल बोलत राहिले. मला सुचेताचा राग आला, चांगलाच राग आला. एका शब्दासाठी एवढं? मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

“तुला झालंय काय? चार अक्षरं आहेत, फार तर.”

“तुला नाही कळायचं रेखा. तू पहिल्यापासून नंदू म्हणतेस.” ती भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. “लग्न झालं तेव्हा मला तेवढाच शब्द दिला होता. नाव घेतलं की ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटतात. ऑफिसचे, बँकेचे. मी अहो म्हटलं की जगात एकच माणूस वळून बघतो.”

“दोन वळले,” मी म्हटलं. “म्हणून मी नेटल्समध्ये पडले.”

ती हसली, पण डोळे पुसून हसली. मग मीही तिला उरलेल्या ताटल्या हातात देत गेले.

जानेवारीत कम्युनिटी सेंटरमध्ये मंडळाचं हळदीकुंकू होतं. हिटिंग बंद पडलं होतं, आम्ही पैठण्यांवर कोट घालून तिळगूळ वाटत होतो. उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. सुचेता उठली आणि अजिबात न लाजता म्हणाली:

“गॅरेजमध्ये मोटरसायकल, टेबलावर नकाशा,
ज्ञानेश्वररावांच्या मागे बसून बघेन दाही दिशा.”

टाळ्या पडल्या. मी आणि अलकाने एकमेकींकडे बघितलं.

“घेतलंस की नाव!” अलका म्हणाली.

“उखाण्यात काय, उखाण्यात सगळेच घेतात.”

“मग गाडीवर उखाणा घे. ब्रेकचा.”

आता हे अलका चेष्टेने म्हणाली होती. पण सुचेताने ते मनावर घेतलं. आठवड्याभराने तिने मला फोनवर उखाणा ऐकवला. त्यात आधी निवडुंग येत होता, मग मावळतीचं ऊन, मग त्याला जुळणारं सून, आणि मग ज्ञानेश्वरराव, आणि त्यानंतर कुठे तरी हरीण. मी म्हटलं, उखाणा फार सुंदर आहे, पण नाव येईपर्यंत हरणाला नातवंडं होतील. ती म्हणाली, छोटा करून बघते. म्हणजे तिला यायचं होतं. तिला त्या दगडांचं खूप होतं, आणि ते मला तेव्हा कळलं.

जयंतने एक शेवटची संधी दिली. एप्रिलमध्ये वेल्सच्या डोंगरात एक दिवस जायचं. सुचेताला जमलं तर त्याच संध्याकाळी विमानाची तिकिटं काढायची, नाही जमलं तर विषय कायमचा बंद. सबनीस म्हणाले, ठीक आहे. निघताना त्यांनी नकाशाचं नाव काढलं नाही.

रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. मेंढ्यांना पिल्लं झालेली होती, सगळीकडे बँ बँ चाललेलं. अलका अखंड बोलत होती. जयंत, ते बघ. जयंत, जरा हळू. जयंत, भूक लागली का? सुचेता एक शब्द बोलत नव्हती. नंदूने तिला चिडवून पाहिलं, तरी नाही. मला पुढे तिची पाठ दिसत होती, ताठ. मी मनात म्हटलं, झालं, गेली ट्रिप.

एका वळणावर ऊन एकदम समोर आलं. गडग्याच्या फटीतून एक मेंढी रस्त्यावर उतरली, मागोमाग तिचं पिल्लू, आणि पिल्लू रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं. सबनीसांना ते दिसलं नव्हतं. त्यांची गाडी तशीच चालली होती.

“ज्ञानेश्वर!”

राव नाही, उखाणा नाही. आम्ही सगळे दचकलो, इतका मोठा आवाज. सबनीसांची गाडी थोडी घसरली आणि पिल्लाच्या हातभर अलीकडे थांबली. जयंतने ब्रेकला हात लावला नाही, तो वेग कमी करत नीट बाजूला आला, आणि नंदूही. पिल्लू आईकडे गेलं.

“परफेक्ट!” जयंत म्हणाला. “सिस्टीम वर्क्स!”

सबनीसांनी गाडी स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं आणि गडग्याकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, घाबरले. सुचेता धावत गेली. तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला आमच्या कानात ऐकू आलं.

“अहो, लागलं का कुठे? रागावलात का? मी एकेरी... माझ्या तोंडून एकदम निघून गेलं हो.”

सबनीसांचा आवाज लांबून, तिच्या माइकमधून आला.

“आई गेल्यापासून या नावाने कोणी हाक मारली नव्हती गं.”

मला रडू आलं. हेल्मेटमध्ये नाक पुसता येत नाही हे कोणी आधी सांगत नाही. मग ते दोघे परत गाडीवर बसले आणि आम्ही निघालो. त्यापुढे रस्ता मोकळा होता. लांबवर दिसत होता, त्यावर मेंढी नव्हती, दगड नव्हता, काहीच नव्हतं.

“ज्ञानेश्वर,” सुचेता हळूच म्हणाली.

“काय गं?”

“काही नाही.”