न बघता नावं ठेवलेला खेळ

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गावकीच्या बैठकीत उभं राहून मी एका मुलीच्या कामाला निर्लज्ज म्हटलं. ते काम मी बघितलेलं नव्हतं. आणि ती मुलगी माझीच होती.

हे पहिल्याच ओळींत लिहून टाकतो, कारण मागे ठेवलं तर आधी सबबी येतील. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. सुट्टीच्या अर्जात मुलं कशी सबबी रचतात ते रोज वाचतो, आणि त्या कलेत मी त्यांच्याही पुढे आहे.

आमचं गाव माणगावहून दिघीकडे जाताना खाडीच्या कडेला लागतं. मुलगी नवी मुंबईत एका लहानशा कंपनीत व्हीआरचे खेळ बनवते. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखं यंत्र चढवायचं, दोन्ही हातांत एकेक मूठ धरायची, की उभ्या जागी माणूस भलत्याच मुलखात जातो. मान वळवाल तिकडचं दिसतं. त्या मुलखातली माणसं घडवायचं काम तिचं. त्यांची अंगं, कपडे, चालणं, वळणं. मी मात्र कुणी विचारलं तर "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायचो.

मागच्या भातलावणीला ती आठवडाभर रजा काढून आली होती. आमच्याकडे लावणीच्या ओळीत सगळ्यांत पुढे असते माझी वहिनी, मोठ्या भावाची बायको. तिच्या हाताच्या वेगानं बाकीच्यांचे हात चालतात. मुलीनं दोन ओळी लावल्या आणि मग कॅमेरा काढला. वहिनीचं चालणं, वाकणं, रोपांची मूठ सोडणं, मागे पडलेल्यांवर ओरडणं, सगळं टिपलं. शेवटी टेप घेऊन तिच्या काष्ट्याचं मापही घेतलं.

"अगं, शिवायला घेतलंस का काय मला?" वहिनी म्हणाली.

"काकी, तुला खेळात घालणार आहे मी."

"घाल. पन थितं तरी बसवून ठेव, काम नको लावू. हितं काय कमी हाय?"

मी बांधावर छत्री धरून उभा होतो. सगळ्यांबरोबर हसलो. कसला खेळ, हे विचारलं नाही. माझी पहिली चूक तिथली.

शिमग्याच्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र आलं. चिखलात वाकलेली बाई, मागून दिसणारी, लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आपल्या गावच्या बायका आता गेममध्ये." त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. चित्राच्या कोपऱ्यात मुलीच्या कंपनीचं नाव होतं. मी ते तीन सेकंद बघितलं असेल. घाबरून फोन उलटा ठेवला.

बैठकीत पालखीचं बोलणं संपलं आणि एकानं सहज विचारलं, "मास्तर, तो खेळ तुमच्या मुलीच्या ऑफिसातला ना?" त्यानं खरंच सहज विचारलं असावं. पण माझे कान तापले. मी उठलो. माझी मुलगी असो की कुणाची, म्हणालो, आणि बोलत सुटलो. आयाबहिणी, संस्कृती, बाईला अर्ध्या कपड्यांत नाचवणारे परदेशी खेळ. शेवटी ठरावच मांडला की आपल्या गावच्या कुठल्याही बाईनं अशा खेळाला आपला फोटो किंवा आवाज देऊ नये. मी चांगलं बोललो, हेच वाईट झालं. टाळ्या पडल्या. ठराव पास झाला.

आमच्या बैठकीत बायका बसत नाहीत, त्या देवळाच्या ओट्यावरून ऐकतात. बाहेर पडताना तिथे वहिनी दिसली. जिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक टोमणा तयार असतो, ती मला बघून सरळ घराकडे चालू लागली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही खेळ बघितलात?"

"चित्र बघितलं. तेवढं पुरे आहे."

मग तिनं शांतपणे सांगितलं, आणि ते शांतपण मला अजून टोचतं. खेळ असा होता की खाडीचं खारं पाणी बांध फोडून शेतात शिरायच्या आत लावणी उरकायची. ओळीच्या पुढच्या बाईवरून सहा महिने ऑफिसात भांडण चालू होतं. तिथल्या दोघांना ती बारीक कंबरेची, ओलेत्या घट्ट चोळीतली हवी होती. त्याशिवाय खेळ विकला जात नाही, हे त्यांचं म्हणणं. मुलीला काकीच हवी होती. शेवटी असं ठरलं होतं की मे महिन्यात गावातल्या बायकांनी खेळ खेळून बघायचा. त्यांनी आपली चाल आणि आवाज वापरायला लेखी होकार दिला तर काकी राहील, नाही तर ती दुसरी येईल.

"तुम्ही जिच्यावर भाषण केलंत ना बाबा," ती म्हणाली, "ती बाई अजून खेळात नाहीच आहे. तुमच्या ठरावामुळे आता येईल."

फोन ठेवला गेला. मी आठ दिवस उलट फोन केला नाही. रोज एक नवं उत्तर मनात रचायचो आणि रोज ते मलाच पटायचं नाही. बायको त्या दिवसांत माझ्याशी जेवणापुरतं बोलली.

नवव्या दिवशी वहिनीनं हाक मारली. अंगणात वालाच्या सुक्या शेंगा झोडपत बसली होती.

"भावोजी, ते चितार काढा."

"वहिनी, तुम्ही नका बघू ते."

"काढा म्हंते ना."

मी काढलं. तिनं दोन बोटांनी ते मोठं केलं. हे तिला येतं हेही मला माहीत नव्हतं.

"ह्यो शर्ट वळखलात?"

लावणीला आमच्याकडे बायका लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट चढवतात, उन्हापावसाला आणि पात्यांच्या कापण्याला आडोसा म्हणून. चित्रातल्या बाईच्या अंगात निळा चौकडीचा शर्ट होता, कोपरावर ठिगळ. मीच एका दिवाळीला भावाला दिलेला.

"आनि ह्यो पाय?"

डाव्या पोटरीवर लांब वण होता. मुलीनं तोसुद्धा सोडला नव्हता.

"विळा लागला तवा माणगावच्या दवाखान्यात मला मोटारसायकलवर कोनी न्हेलं?"

"मी."

"टाके घालंपर्यंत ह्यो पाय धरून बसला व्हतात. तवा न्हाय लाज वाटली. फोनात बघितला तवा वाटली?"

"लोक हसत होते, वहिनी."

"मग हसनाऱ्यांना बोलायचं. पोरीला कशापायी बोललात?"

याचं खरं उत्तर मला ठाऊक होतं. हसणाऱ्यांना बोललो असतो तर ते माझ्यावर हसले असते. पोरीला बोललो म्हणून टाळ्या मिळाल्या.

"मे महिन्यात ती येनार हाय," वहिनीनं शेंगांकडे वळत सांगितलं. "मी बोलावलीय. तुमचा ठराव तुमच्यापाशी ठेवा. मला कोनी इचारलं व्हतं?"

मुलगी आली ती काकीकडेच उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या मांडवात अकरा बायका जमल्या. मुलीनं घरातला टीव्ही बाहेर आणून खुर्चीवर ठेवला आणि यंत्र त्याला जोडलं. चष्मा घातलेल्याला जे दिसतं ते बाहेरच्यांना टीव्हीवर दिसत होतं. मी पडवीच्या खांबाला टेकून बसलो. मुलीनं माझ्याकडे बघितलं, "पाणी हवंय का बाबा?" विचारलं, आणि कामाला लागली.

पहिली वहिनी. चष्मा चढताच तिनं शेणानं सारवलेल्या कोरड्या जमिनीवर लुगडं वर खोचलं.

"अगं बाय, पानी किती ह्ये!"

मग ती वाकली ती वाकलीच. हवेतून मूठ उचलायची, हवेत रोपं लावायची, एकेक पाऊल मागे सरकायचं. सरकत सरकत खुर्चीला धडकली तर त्या खुर्चीलाच म्हणाली, "सरक गं, वाटंत काय हुबी!" मांडवात हसू मावेना. एकेकीनं चष्मा घेतला आणि प्रत्येकीनं काहीतरी खोट काढली. रोपं लय लांब लांब हायत. बांधावर खेकड्यांची बिळं न्हायत. मुलगी सगळं वहीत उतरवत होती.

"आनि चिखलात गजरा कोन माळतं?" एकीनं विचारलं.

"तो ऑफिसातल्या त्या दोघांनी घातलाय," मुलगी म्हणाली.

"काढ तो. त्येंना म्हनावं, ह्या आनि लावून दाखवा."

"माझी कंबर मातर बारीक दाव हां," सगळ्यांत तरुण सून म्हणाली.

"तुझी दाव बारीक. माझी हाय तशी ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाली. "हिनंच तीन पोरं सांभाळली."

यावर त्या अकराजणी अर्धा तास भांडल्या. बाईनं देखणं दिसावं की नाही, कुणासाठी दिसावं, आणि दिसावंसं वाटलं तर त्यात चूक काय. माझ्या भाषणात यातलं एकही वाक्य नव्हतं.

"भावोजी, आता तुमी," वहिनी म्हणाली.

"मला नको."

"भाषान केलंत ना? मग परीक्षा बी द्या."

मुलीनं चष्मा माझ्या डोक्यावर बसवला. पट्टा आवळताना तिची बोटं माझ्या कानाला लागली. मग मांडव गेला, खांब गेला, आणि आमचीच शेतं आली. राखाडी आभाळ, पलीकडे खाडी, आणि दोन हातांवर वहिनी, निळ्या शर्टात, वाकलेली. मी उभाच राहिलो, जसा जन्मभर बांधावर उभा राहिलो. आणि माझी नजर तिच्या पायाकडे गेली. वण शोधायला गेली, असं मी सांगू शकलो असतो. पण खरं काय ते मलाही ठाऊक नाही.

"भावोजी, वर बघा की जरा!"

मी विसरलो होतो. मी कुठे बघतोय ते टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. मांडव हसून फुटला. आणि त्याच क्षणी खेळातली वहिनी वळली, चिखलाचे हात कंबरेवर ठेवले आणि तिच्याच आवाजात म्हणाली, "काय बघतोस हुबा ऱ्हाऊन? वाक आनि लाव!"

जो काम न करता बघत उभा राहील त्याला हे ऐकावं लागेल, अशी सोय मुलीनंच केली होती. तीस वर्षांत वहिनीनं मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या अकराजणींच्या हसण्यात एक हसू माझ्या मुलीचं होतं. शिमग्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मीही हसलो, आणि वाकलो.

मला लावता येईना. रोपं आडवी पडत होती, कंबर भरून आली, सगळी ओळ मागे सरकून गेली आणि मी एकटा उरलो. खाडीचं पाणी आलं, बांध फुटला.

"मास्तर बुडाले!" बायका ओरडल्या.

चष्मा काढला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. हसून आलं असं मी सांगितलं, आणि ते निम्मं खरं होतं.

दुपारी आंब्याखाली मुलीनं मला ती दुसरीही दाखवली, ऑफिसातल्या दोघांची. ओलेती, घट्ट चोळीतली. या वेळी टीव्ही जोडलेला नव्हता. मी चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि न विचारता सांगितलं, "मी बघत राहिलो."

"म्हणून तर भांडतेय," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता. "तिला बनवलंच तसं आहे. तिला दुसरं काही येतच नाही, बाबा. काकीला लावणी येते."

"ते दोघं वाईट मुलगे आहेत का गं?"

"छे हो. एक तर रोज मला डब्यातलं सुकटाचं कालवण देतो. भांडतो आणि खायला घालतो."

होकाराच्या कागदावर नऊजणींनी सही केली. दोघी अडल्या. गावकीचा ठराव आहे, म्हणाल्या, मोडायचा कसा? त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे बैठकीत बोललेलं बैठकीतच मागे घ्यावं लागतं. चुकलेल्यानं सगळ्यांपुढे नारळ ठेवायचा आणि उभं राहून चूक सांगायची. का चुकलो ते सांगायचं नाही, नुसतं चुकलो म्हणायचं. माझ्यासारख्यासाठीच कुणीतरी ही रीत घातली असावी.

दुसऱ्या दिवशी गावच्या पूजेची बैठक होती. नारळ वहिनीनं दिला.

"सोलून देऊ, का तसाच देऊ?"

"तसाच द्या."

"बरं झालं. सोलून दिला असता तर म्हनला असतात, निम्मं काम वहिनीनं केलं."

पुढचं आधीच सांगतो. ठराव मागे घेतला गेला, राहिलेल्या दोघींनी सह्या केल्या आणि वहिनी आज त्या खेळात आहे, गजऱ्याशिवाय. पण त्या सकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी देवळात गेलो आणि बायकांना आत बसू द्या म्हणालो. अध्यक्षांनी भुवया चढवल्या.

"आतापातूर कंदी बसल्यात का मास्तर?"

"माफी त्यांची मागायची आहे. ओट्याकडे तोंड करून ओरडू का?"

कुणीतरी हसलं, सतरंजी सरकली आणि बायका आत आल्या. वहिनी पुढे बसली. तिच्याशेजारी माझी मुलगी, मांडीवर वही घेऊन. मी नारळ ठेवला.

"शिमग्याला याच जागी उभं राहून मी माझ्या मुलीच्या कामाला निर्लज्ज म्हटलं," मी म्हणालो. "ते मी बघितलं नव्हतं. माझ्या वहिनीच्या अंगावरचा शर्ट मी ओळखला नाही, तिचा पाय ओळखला नाही. तिला न विचारता तिच्यावर ठराव केला. तो मी मागे घेतो. वहिनी, मी चुकलो." मग मी मुलीकडे वळलो आणि या वेळी तिच्या डोळ्यांकडेच बघितलं. "बाळा, मी चुकलो. मला माफ कर."