कोर्टात नेलेली सर्टिफिकेटांची फाइल

मंडळी, आज आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढले, तीही माझ्या चौदा वर्षांच्या सईला घेऊन. कारण काय, तर ती शाळा बुडवते, आणि इथे अमेरिकेत त्यासाठीही कोर्टात बोलावतात.

शाळेची तीन पत्रं आली होती. मला वाटलं, सिस्टिमची काहीतरी चूक असेल. पोरीला सगळ्या विषयांत ए, आणि म्हणे गैरहजर! आपल्या कॉलेजात मार्क चांगले असले की हजेरी कोण विचारायचं, सांगा?

म्हणून मी फाइलच घेऊन गेले. रिपोर्ट कार्ड, मॅथची बक्षिसं, भरतनाट्यमचं सर्टिफिकेट, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात. जजबाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. "मार्कांबद्दल तक्रारच नाहीये," म्हणाल्या आणि सईकडे वळल्या. "लंचच्या आधी शाळेतून निघून कुठे जातेस?"

"पब्लिक लायब्ररीच्या मागच्या बाकावर," सई इंग्लिशमध्ये म्हणाली. "तिथे एकटीनं खाल्लं तरी कोणी बघत नाही."

न्यू जर्सीहून मिनेसोटाला येऊन आम्हाला आठ महिने झाले. रोज संध्याकाळी मी तिला दोनच गोष्टी विचारत आले: टेस्ट कशी गेली, आणि डबा संपवलास का? रिकामा डबा घासताना किती बरं वाटायचं मला!

कोर्टानं काउन्सेलर दिलीय, महिन्यानं पुन्हा बोलावलंय. फाइल अजून गाडीतच आहे, घरात आणावीशी वाटत नाही.

तुमचं मूल शाळेत कोणाशेजारी बसून जेवतं, नाव सांगता येईल? मला आज सकाळी कोणी विचारलं असतं, तर मी तिचे मार्क सांगितले असते.